परक्या ग्रहावर माझं औक्षण

गावदेवीला मी नवस बोलले होते, "आमचे हे टीव्हीत दिसू देत, दिसतील तिथल्या तिथे ओवाळीन. तोवर अन्नाला शिवणार नाही." (नवस बोलताना मी जरा ऐसपैस बोलते. देवीला आता सवय झाली आहे.)

झालं असं, की ती अंतराळयानाची मालिका तेव्हा घरोघरी गाजत होती आणि तिच्या नव्या पर्वातला परका ग्रह म्हणजे आमच्या वैशाखरे गावचा कातळ होता. ग्रहावरची माणसंही आमचीच, हिरवा रंग फासलेली. हेही शूटिंगला जायचे आणि संध्याकाळी हिरवे होऊन परतायचे. पण शेजारची धोंडीबाई आपल्या नवऱ्याचं कौतुक करत गावभर म्हणायची, "माझा विठू हाय त्यात. जनीचा सुदाम कसला दिसतोय? चहाच्या किटल्या वाहत असंल!" मला ते फार लागलं. म्हणून तो नवस.

पहिला भाग मुरबाडला एका हॉलात मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. मी औक्षणाचं ताट घेऊन जीपमध्ये बसले.

हे म्हणाले, "जने, ताट कशाला गो? लोक हसतील."

"हसू दे. नवस माझा हाय, लोकांचा नाय."

ह्यांनी एकदम तोंड फिरवलं आणि बाहेर बघायला लागले. (तोंड का फिरवलं, ते विचारायला हवं होतं. उपाशीपोटी सुचत नाही.)

दारात चॅनेलचा माणूस आडवा आला. "मावशी, आत दिवा चालणार नाही."

"पेटलाय कुठं अजून?" म्हणत मी आत शिरले.

पडद्यावर यान कातळावर उतरलं. धुरातून हिरवी माणसं आली. सगळी एकसारखी! प्रत्येकाला तीन डोळे, नाक कुणालाच नाही. पण एकजण खांदा पाडून चालत होता, अगदी ह्यांच्यासारखा. मी काडी ओढली, स्टेजवर चढले आणि त्याला ओवाळलं. कुंकू लावायला बोट नेलं तोवर तो सरकला आणि कुंकू यानाला लागलं.

"अगो जने! तो माझा विठू हाय!" मागून धोंडीबाई किंचाळली. "भर सभेत माझ्या नवऱ्याला ओवाळतेस?"

"मग काय घरी येऊन ओवाळू?"

हॉल खदखदून हसला. चॅनेलचा माणूस धावत आला. "मावशी, आधी खाली उतरा!"

"तुमचं यान आमच्या कातळावर उतरलं, तेव्हा आमी तुमाला उठवलं का? आमचे हे दिसल्याबिगर मी हलणार नाय!"

तेवढ्यात हे स्टेजपाशी आले. मान खाली घालून हळूच म्हणाले, "जने, माणसांत बघू नको मला. तो कडेचा हिरवा दगड दिसतोय ना? त्यांना हलता दगड हवा होता. आत मी हाय."

चेहरा इतका पडला होता, की माझा राग विरघळला. "दगड तर दगड," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "इतका वेळ उन्हात न हलता बसणं विठूला जमलं असतं का? आणि आमच्या गावात देव तरी कशात असतो?"

मग मी त्या दगडाला साग्रसंगीत ओवाळलं. कुंकू बरोबर मधोमध लागलं, अक्षता टाकल्या. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी तर दगड बघून हातही जोडले. हे हॉलभर बघत ताठ उभे राहिले. नवस फिटला!

आणि तेवढ्यात पडद्यावरचा दगड हलला. यानातल्या माणसांनी घाबरून किरण सोडला आणि आमच्या ह्यांचे तुकडे तुकडे झाले. औक्षण करून ताट खाली ठेवायचीही फुरसत मिळाली नाही.

विठूचा हिरवा माणूस मात्र शेवटच्या भागापर्यंत ठणठणीत राहिला. धोंडीबाई आता गावभर सांगते, जनीच्या ओवाळण्याला भारी गुण आहे.

तर बायांनो, तुमचाही नवरा कुठं कडेला दगड होऊन बसला असेल, तर लाजू नका. ताट घ्या आणि भर सभेत ओवाळा. फक्त आधी नेमका कुठला ते विचारून घ्या, आणि त्याला म्हणावं, ओवाळून झाल्यावर अजिबात हलू नको.