उमसुनायच्या अंगणातली यर्ट

उमसुनायच्या अंगणात यर्ट, म्हणजे जाड लोकरी नमद्यांचा गोल तंबू, उभी राहिली ती वाचनाच्या दिवसासाठी. पण हे फक्त तिला आणि गावकचेरीला ठाऊक होतं.

सामुदायिक शेती मोडली त्या वर्षांत गावचा क्लब गेला, नाचगाण्याचा हॉल गेला आणि लायब्ररीची खोली एका दुकानदाराला मिळाली. लायब्ररी सांभाळणाऱ्या उमसुनायनं पुस्तकं गाढवावर लादून घरी आणली. तिथं कोणी फिरकेना. शेवटी कचेरीचा तरुण प्रमुख एसेनगुल दारात आला.

"अपा, पुस्तकं जिल्ह्याला परत पाठवा म्हणतात. वाचतंय कोण?"

"मला एक दिवस दे. आईबाप, पोरंबाळं, सगळ्यांना बोलावते. खेळ होतील, गाणी होतील, वाचन होईल. कचेरीनं हातभार लावावा."

"कचेरीकडे आहे काय? एक जुनी यर्ट आहे."

"तीच दे."

"लोक आले तर पुस्तकं राहतील, अपा. नाही आले तर मी गाडी पाठवणार. मग रागवायचं नाही."

आमच्याकडे उन्हाळ्यात यर्ट असते वर डोंगरात, कुरणावर. पानगळीत ती गावात कुणाच्या अंगणात दिसली, की त्या घरातलं माणूस गेलं असं समजायचं. कचेरीची यर्टही त्याच कामाला गावभर फिरायची. एसेनगुल शहरात वाढलेला, त्याच्या हे ध्यानात आलं नाही. उमसुनायच्या डोक्यात तर पुस्तकांशिवाय दुसरं काही नव्हतंच; गावाला बोलावणं धाडायचंही राहून गेलं.

सकाळी तिनं नमद्यावर पुस्तकं मांडली आणि वाट बघत बसली. शेजारची झूराकान तेवढी कणकेच्या तळलेल्या बोरसोकांचं ताट घेऊन आली.

नदीपलीकडच्या गावातून मोल्दोकुलनं यर्ट पाहिली. शाळेत तो उमसुनायच्या मागच्या बाकावर बसायचा. त्यानं घोड्यावर खोगीर टाकलं आणि रिवाजाप्रमाणे लांबूनच मोठमोठ्यानं रडत घोडा दौडवला. त्याचं रडणं ऐकून रस्त्यावरचे पुरुष रडत मागे निघाले, बायका मुलांना घेऊन निघाल्या.

"झूराकान, कोण गेलं गं?"

"काय माहीत, एजे! पण माणसं इकडंच यायला लागलीत."

रडणाऱ्याला मध्येच थांबवून काही विचारायचं नसतं. आधी रडायचं, मग विचारायचं. दोघी दाराकडे पाठ करून भिंतीशी बसल्या आणि त्यांनी गळा काढला. उमसुनायला क्लब आठवला, हॉल आठवला, मागच्या हिवाळ्यात गेलेला नवरा आठवला. स्वतःच्या मयताला इतकं मनापासून दुसरं कोणी रडलं नसेल.

बाहेरचं रडणं ओसरल्यावर मोल्दोकुल आत आला. कोटातून एक पुस्तक काढून त्यानं नमद्यावर ठेवलं.

"हे मी शाळेत असताना तिच्याकडून नेलं होतं," तो हुंदके देत म्हणाला. "गेलेल्या माणसाचं देणं डोक्यावर नको."

उमसुनाय वळली. पुस्तक हातात घेऊन तिनं उलटसुलट पाहिलं.

"याचं कव्हर कुठंय?"

मोल्दोकुल दचकून दाराकडे सरकला. "तू... तू तर गेलीस ना?"

"म्हणजे पुस्तक परत करायला मी मरायची वाट बघत होतास होय रे?"

"तसं नाही गं. परत केलं असतं तर तुझ्याकडे यायला निमित्त काय उरलं असतं?"

"आणि आलास कधी?"



बाहेर अजून माणसं येतच होती. कोणाच्या काखेत पाव होता, कोणी मेंढी ओढत आणत होतं, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कोटात एखादं जुनं पुस्तक होतं. मेलेल्याचे देणेकरी राहायला कोण तयार होईल? आयांबरोबर आलेली पोरं केव्हाच आत शिरून चित्रं बघत होती. उमसुनाय दारात येऊन उभी राहिली.

"रडायचं तर हळू रडा! आत मुलं वाचतायत."

लोकांनी डोळे पुसून तिच्याकडे नीट पाहिलं. मग झूराकान हसली आणि सगळं अंगण हसायला लागलं. तोवर मेंढी कापून झाली होती, आता घरी जाणार कोण? लोक जेवले, पुरुष हाडांचा खेळ खेळले आणि उमसुनायनं सूर्य कलेपर्यंत वाचून दाखवलं.

एसेनगुल आला तो गर्दी बघून हरखला.

"अपा, कमाल केलीत! दरवर्षी असंच करा."

"दरवर्षी मरू का रे?"

पण यर्ट तेव्हापासून दर पानगळीला उभी राहू लागली. पुस्तकं गावातच राहिली. मोल्दोकुल दरवेळी एकच पुस्तक न्यायचा आणि पुढच्या वर्षी ते परत करायला यायचा. उमसुनायच्या अंगणातली यर्ट बघून रडायची सवय दोन्ही गावं विसरली.

एका पानगळीला यर्ट नेहमीपेक्षा थोडी लवकर उभी राहिली.

लोक आले. बोरसोकांची ताटं आली, पोरं पळत आत शिरली आणि पुस्तकं उघडून बसली. मोल्दोकुल खिशात सफरचंदं भरून, घोडा संथ चालवत, गुणगुणत आला.

"उमसुनाय कुठंय? कव्हर घालून आणलंय म्हणावं यावेळी."

भिंतीशी बसलेली झूराकान दाराकडे वळलीच नाही.

मोल्दोकुलनं मयतापुढं टांगतात त्या पडद्यामागं पाहिलं. लांबूनच रडत यायचा रिवाज या वेळी त्याच्या हातून राहून गेला होता. तो बाहेर आला, मयताला रडणारे पुरुष उभे राहतात तसा काठीवर ओणवा झाला, मोठ्यानं रडायला त्यानं तोंड उघडलं, आणि आतल्या मुलांकडे बघून पुन्हा मिटलं.

मग तो हळू आवाजात रडला.