जावयाची पत

खाएम्बाने उभ्या आयुष्यात शेजाऱ्याकडून चिमूटभर मीठसुद्धा उसनं आणलं नव्हतं, आणि टेक्लाच्या सायबर कॅफेतला संगणक त्याला बिनदिक्कत कर्जबुडव्या म्हणत होता. तेही साडेतीनशे शिलिंगांसाठी.

"दंड-बिंड धरून सहाशे झालेत," टेक्ला पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "काका, बुडवायचेच होते तर जरा तोलामोलाचा आकडा तरी बुडवायचा."

बुंगोमाच्या दूध संस्थेत व्हॅन चालवायची कायम नोकरी खाएम्बाच्या अगदी हाताशी आली होती. इतकी वर्षं तो लोकांच्या मटाटू, म्हणजे वडापच्या प्रवासी गाड्या, रोजंदारीवर हाकत होता. मालकाचं बायकोशी वाजलं की त्या दिवशी खाएम्बा घरी. आता महिन्याचा पगार, भरपगारी रजा आणि रोजचं दूध मिळणार होतं. फक्त सोमवारी पतदाखला आणून द्यायचा होता, कारण संस्थेला दुधाचे पैसे गोळा करणारा माणूस स्वच्छ हवा होता. नोकरी नाही म्हणून ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याला पैसे नाहीत म्हणून नोकरी द्यायची नाही, हा नियम ज्याने शोधून काढला तो स्वतः नक्कीच भरपगारी असणार.

"पण मी कधी कर्ज घेतलंच नाही गं."

"तिथेच तर घोळ आहे. घेतलं असतंत, वेळेवर फेडलं असतंत, पुन्हा घेतलं असतंत, तर स्कोर कसा टुणटुणीत असता. घेतलंच नाही म्हणजे यांच्या लेखी तुम्ही जन्मलाच नव्हतात. आता जन्मलात, तर थेट थकबाकीदार म्हणून."

"म्हणजे उधारी न करणारा वाईट?"

"वाईट कुठे म्हटलं? अनोळखी. छापू का? पानाला वीस शिलिंग."

कर्ज मोबाइलवरूनच घेतलेलं होतं, आणि छापलेल्या पानावर त्या फोनचा नंबर होता. खाएम्बाने तो दोनदा वाचला. नंबर सासूबाईंचा होता.

फोन त्यानेच दिलेला. नाताळात, नवाकोरा, मोठ्या बटणांचा. जन्मभर जमीन खणून सासूबाईंच्या बोटांचे ठसे इतके झिजले होते की दुकानातलं यंत्र त्यांना माणूस मानायलाच तयार होईना. शेवटी खाएम्बाने आपलं ओळखपत्र पुढे केलं आणि सिमकार्ड त्याच्या नावावर निघालं. त्या वेळी सगळ्या सासरवाडीने त्याचं तोंडभर कौतुक केलं होतं.

आता सासूबाईंना विचारणार कसं? बुकुसू जमातीतला जावई सासूसमोर जेवत नाही, तिच्या दारातून ती असताना आत शिरत नाही, रस्त्यात ती समोरून आली तर सरळ मक्यात घुसतो. पैशाचं बोलणं तर फारच लांब. त्याने बायकोला गळ घातली.

"नासाम्बू, तू विचार ना आईला."

"काय विचारू? आई, तू चोर आहेस का, असं?"

"चोर कोण म्हणतंय? फक्त म्हणावं, ते साडेतीनशे..."

"साडेतीनशेसाठी माझ्या आईला जाब विचारायला लावताय. तुमच्या बहिणीने माझी कढई नेली, मी काढला का एक शब्द?"

कढईचा विषय निघाला की त्या घरात बाकीचे विषय संपत. मग खाएम्बाने शहाण्या माणसासारखा मार्ग काढला, आणि तिथेच त्याची गाडी खड्ड्यात गेली. त्याने गुपचूप सासूबाईंच्या नंबरवर सातशे शिलिंग पाठवले. फोनने थकबाकी आपणहून गिळली. कर्ज फिटलं. कुणी कुणाला काही बोललं नाही, सगळ्यांची अब्रू शाबूत.

फक्त फोन भलताच खूश झाला. त्याने लगेच सासूबाईंच्या हातातच संदेश उमटवला: प्रिय खाएम्बा, आपण विश्वासू ग्राहक आहात, आता आपण तीन हजारांपर्यंत घेऊ शकता.

रविवारी नासाम्बू आईच्या गावच्या चर्चमधून आली ती मिरवतच.

"नेलिमाचे बाबा, मला आधी सांगायचं तरी. पास्टरांनी तुमचं नाव माइकवरून घेतलं. छपराच्या पत्र्यांसाठी खाएम्बाकडून तीन हजार. बायका मला वळून वळून बघत होत्या."

खाएम्बा बाकावर बसला. बाक होता म्हणून बरं.

सोमवारी टेक्लाने नवा दाखला छापला. जुनं कर्ज 'उशिरा फेडले' या शिक्क्यासह जसंच्या तसं होतं, त्याच्या खाली तीन हजारांचं ताजं कर्ज, आणि स्कोर आणखी खाली.

"फेडलं तरी कमी झाला?" खाएम्बाचा आवाज बारीक झाला.

"फेडलंत, पण उशिरा. तो डाग काही वर्षं राहणार. त्यात फेडल्या फेडल्या आठपटीहून जास्त उचललेत. यांना वाटणार, माणूस गळ्यापर्यंत बुडालाय."

दूध संस्थेचे सचिव मासाफू यांनी तो कागद दोन बोटांत धरला, नासलेल्या दुधाचा नमुना धरावा तसा. ते त्याच चर्चला जायचे.

"काल पत्र्यांना तीन हजार दिलेस. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या."

"साहेब, ते मी दिले नाहीत."

"म्हणजे चर्चमध्ये खोटं?"

"नाही, म्हणजे दिले. पण माझ्या सासूने."

"आणि हे कर्ज?"

"तेही सासूने."

"खाएम्बा," सचिव हळुवारपणे म्हणाले, "सासूवर ढकलणारा माणूस मी दुधाच्या पैशांवर कसा बसवू?" नोकरी संध्याकाळपर्यंत दुसऱ्याला मिळाली. त्याचा स्कोर उत्तम होता. त्याच्या डोक्यावर तीन कर्जं होती.

आता मात्र खाएम्बाने बायकोला घेऊन सासरवाडी गाठली. रीत मोडायची नव्हती, म्हणून सासूबाई स्वयंपाकाच्या खोपीत बसल्या, खाएम्बा मातीच्या भिंतीच्या बाहेर उभा राहिला, आणि नासाम्बू दारात. भिंत इतकी पातळ की आतलं खोकणंसुद्धा बाहेर ऐकू येत होतं, पण रीत ती रीत.

"त्यांना विचार, फोनवरून पैसे का घेतले."

"आई, ते विचारतायत, फोनवरून पैसे का घेतले."

"का म्हणजे?" आतून आवाज आला. "फोन जावयाचा, नाव जावयाचं. शेजारची पोर वाचून दाखवते, खाएम्बा, आपल्याला पैसे मिळतील. मला वाटलं, सासूच्या हातावर पैसे ठेवायला लाजतो बिचारा, म्हणून फोनमध्ये घालून ठेवतो. असं घरंदाज देणं मी कुठे पाहिलं नाही. तीन हजार दिसले तेव्हा म्हटलं, एवढे मी एकटी कशाला खाऊ, त्याच्या नावाने देवाला देऊ."

खाएम्बाने भिंतीला कपाळ टेकलं. सासूबाईंनी त्याच्यावर इतका विश्वास टाकला होता की त्याचं वाटोळं झालं होतं.

"त्यांना सांग, ते कर्ज होतं. त्या साडेतीनशेपायी माझी नोकरी गेली."

नासाम्बूने सांगितलं. आत चुलीत लाकूड जोरात सारल्याचा आवाज आला. मग सासूबाई खरोखरच संतापल्या, पण जावयावर नाही.

"साडेतीनशेपायी? त्या दूधवाल्यांना काही माणुसकी? नासाम्बू, सांग त्याला. लग्नात आम्हाला द्यायच्या ठरलेल्या गाईंपैकी दोन गाई त्याने अजून दिलेल्या नाहीत. नात नेलिमा आता माझ्या खांद्याला लागली. दोन गाई बाकी असताना मी त्याला पोटची पोर दिली. कधी कुणाकडे चकार शब्द काढला?"

दारातली नासाम्बू सावकाश नवऱ्याकडे वळली. कढईच्या वेळचा चेहरा याच्यापुढे काहीच नव्हता.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग काय सांगू आईला?"

पलीकडच्या वाटेने चर्चमधल्या दोन बायका येत होत्या, आणि खाएम्बाला बघून कौतुकाने हसत होत्या. त्याने टोपी काढून त्यांना मान लववली.

"सांग," तो म्हणाला, "जरा हळू बोला म्हणावं."