एका देवमनचे सात साहित्यिक

साहित्यिक किती थोर, हे त्याच्या तसबिरीच्या चौकटीवरून ठरतं. पुस्तकावरून ठरवायचं तर ते वाचावं लागतं, आणि एवढी सवड कोणत्याही प्रगत समाजाकडं नसते.

ही अडचण मंगरूळपीरच्या मोईन पेंटरनं कायमची मिटवली. त्याच्या दुकानात नामवंत लेखक, कवी, चित्रकार तयार मिळतात. नमुना म्हणून समोर बसतो किन्हीराजाचा देवमन. (थोर माणसं स्वतः येत नाहीत, बहुतेक वारलेली असतात.) देवमनले दाढी रंगवली की कवी, चष्मा रंगवला की समीक्षक, दोन्ही रंगवलं की विचारवंत. मान वाकडी केली की चित्रकार. शाल मागाल त्या रंगात. 'हा तो नव्हे' अशी तक्रार आजवर एकाही गिऱ्हाइकानं केलेली नाही. कलेची याहून मोठी पावती कोणती?

किन्हीराजाच्या वाचनालयानं असे सात घेतले. भिंतीवर जागा नव्हती, म्हणून पुस्तकांच्या कपाटाच्या दारांवर आडवे ठोकले. दारं उघडेनात. पुस्तकं फाटणं, हरवणं शंभर टक्के थांबलं.

अन् एका दुपारी देवमनच तिथं येऊन धडकला. खुनाच्या कादंबरीचा पहिला भाग त्यानं वाचला होता, दुसरा कपाटात. बिचाऱ्याची झोप उडालेली.

"रत्नमालाबाई, सावकाराले कोणी मारलं तेवढं पाहू द्या. जीव अडकून राह्यला माह्या!"

ग्रंथपाल रत्नमाला म्हणाली, "देवमनभाऊ, थोर माणसाले खाली उतरवलं तर गाव पेटंन ना."

"अवो, तो मीच हाओ!"

बाईंनी तसबिरीकडं पाहिलं, मग देवमनकडं.

"मंग मले कायले इचारता? लेखक तुमी. तुमालेच माहीत असंन!"

तर्क बिनतोड होता. पेपर चाळणारी चार डोकीही सरसावली. एकानं तसबिरीचा हार काढून देवमनच्याच गळ्यात घातला.

देवमननं घसा खाकरला. "सावकाराच्या जावयानं मारलं."

त्या रात्री तो गाढ झोपला. तेव्हापासून गावात सगळ्या कादंबऱ्यांचे शेवट देवमनच तोंडी देतो. खुनी दरवेळी जावईच, प्रेमकथेतसुद्धा. (देवमनले तीन जावई आहेत.)

हसू नका. तुम्ही ज्या लेखकाच्या फोटोले दरसाल हार घालता, त्याच्या एका तरी पुस्तकाचा शेवट सांगा बरं.

नाही आठवत?

जावयानं मारलं.