नामवंतांचे हार

"हार कोणी घातले?" शुभ्राने हॉलच्या दारातूनच विचारलं. आवाज असा, की सदानंद खुर्चीवर चढलेले तिथेच थिजले.

"मीच की! बर दुबईच्या बाजारातून ताजा मोगरा आणलाय. घमघमाट बघ कसा सुटलाय!"

शारजातल्या युनिव्हर्सिटीच्या ऑनर सोसायटीत, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या मंडळात, आज शुभ्राला घेणार होते. सजावट तिच्याकडे होती आणि ती तिने, काय बुद्धी झाली कोण जाणे, वडिलांवर सोपवली. भिंतीवर सोसायटीच्या पाच नामवंत सभासदांचे फोटो होते. आता आपल्याकडे फ्रेम होऊन भिंतीवर कोण जातं? सदानंदांनी मनोभावे नमस्कार करून एकेकाला हार चढवले होते.

"बाबा, दे आर ऑल अलाइव्ह!"

"सगळे?"

"सगळे! आणि मधला फोटो डॉक्टर हलिमांचा. त्याच आज मेडल देणार आहेत!"

शुभ्राच्या आईने, शोभनाताईंनी, कपाळाला हात लावला. "अहो, जित्याजागत्या बाईला हार? पोरीचं मेडल घालवाल! आधी तिचा उतरवा!"

"अगं, खुर्ची धर, हलतेय!"

"खुर्ची नाही, तुम्ही हलताय!"

हार खिळ्यात अडकला होता. बाहेर गाडीचं दार वाजलं. सदानंदांनी हिसका मारला, हार सुटला, आणि डॉक्टर हलिमा आत आल्या. सदानंद खाली उतरले आणि हार पाठीमागे गेला.

बाई थेट फोटोंपाशी आल्या. एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा सदानंदांकडे. कपाळावर आठी.

"सबको फूल," त्या म्हणाल्या, "मेरेको नहीं?"

सदानंदांनी हार पुढे केला. "है ना, मॅडम! वही लगा रहा था."

"यल्ला, चलो, लगाओ!"

पुन्हा खुर्ची, पुन्हा खिळा. खाली शोभनाताई डोळे मिटून पुटपुटत होत्या, "देवा, शंभर वर्षं जगू दे रे बाईला." हार चढला. हलिमाबाई भलत्याच खूश झाल्या. त्याखाली उभं राहून त्यांनी कॅमेऱ्यातलं रीळ संपेपर्यंत फोटो काढून घेतले आणि शुभ्राच्या गळ्यात मेडल घातलं. सदानंदांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाईंनी शेवटच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "इन्शाल्ला, उधर तुम्हारी बेटी का फोटो आएगा. उसको भी फूल तुम लगाना. प्रॉमिस?"

सदानंदांनी सवयीने मान हलवायला घेतली, तोच शोभनाताईंनी मागून सणसणीत चिमटा काढला.

"मॅडम," ते कळवळून म्हणाले, "उसको बुके चलेगा?"