हाताला हात लावून धावणे

आमच्या घरात धावते बायको आणि वजन उतरतं माझं.

सुरुवातीला मला वाटलं, वजनकाटाच बिघडला असेल. तो दुकानात नेला तर दुकानदारानं उलटसुलट करून बघितला आणि मलाच विचारलं, "वहिनी धावायला लागल्या का?" पँट ढिली झाली म्हणून शिंप्याकडे गेलो, तर त्यानंही टेप गळ्यात अडकवत तेच विचारलं. म्हणजे प्रकार नवा नव्हता. मला उशिरा कळला, एवढंच.

तरी खात्रीसाठी डॉ. अग्निहोत्रींकडे गेलो. अग्निहोत्री सकाळी घरोघर पूजा सांगतात आणि संध्याकाळी दवाखाना चालवतात, त्यामुळे त्यांचा दोन्ही शास्त्रांवर हात बसलेला आहे. त्यांनी माझी जीभ बघितली.

"हरतालिकेचा उपास कोण करतं?"

"उज्ज्वला."

"आयुष्य कुणाचं वाढतं?"

"माझं."

"वडाला फेऱ्या कोण मारतं?"

"तीच."

"मग मैदानाला मारलेल्या फेऱ्या वेगळ्या खात्यात जातील, असं तुम्हाला का वाटलं?"

मला तसं काहीच वाटलं नव्हतं. मी शर्टाची बटणं लावली आणि घरी येऊन आडवा झालो.

धावण्यात खरं अवघड असतं ते सातत्य. नवे बूट घेतल्यावर चार दिवस कुणीही धावतं. पुढे थंडी पडते, पाहुणे येतात, पाय दुखतात आणि बूट बाल्कनीत जाऊन बसतात. मी मात्र एकही दिवस खाडा होऊ दिला नाही. गजर झाला की स्वतः पांघरुणातून हात बाहेर काढून उज्ज्वलाला हलवायचो. "अगं ऊठ, धावायचंय." एकदा तिला कणकण होती, पण मी मन घट्ट केलं.

वेळ मिळत नाही, ही सबबही मला पटत नाही. वेळ काढावा लागतो. आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवावी, डबे घासून ठेवावेत, पहाटे कुकर लावून बाहेर पडावं. आमच्याकडे हे अगदी सुरळीत चालायचं. शिट्ट्या मोजायला मी अंथरुणात होतोच.

माझी प्रकृती बघून कॉलनीनं माझं व्याख्यान ठेवलं, 'नियमित धावण्यासाठी वेळ कसा काढावा?' सभागृह भरलं होतं. समोरून एकानं विचारलं, "पण सर, कंटाळा आला तर?"

"कंटाळा मनाला येतो," मी म्हटलं, "पायांना येत नाही."

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत उज्ज्वलाही टाळ्या वाजवत होती. वाजवता वाजवता तिला डुलकी लागली.

नंतर आमच्या दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट आले. उज्ज्वला धावायला लागली होती ती साखरेमुळे. तिच्या आईचे डोळे मधुमेहानंच गेले. शेवटी शेवटी त्या लेकीला हातानं चाचपून ओळखायच्या. उज्ज्वलानं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"अहो, हे बघा."

"वा! माझी साखर काय सुंदर आलीय."

"माझी बघा."

तिची होती तिथून आणखी वर चढली होती. मी तिला धीर दिला, पुढच्या वेळी जरा जोरात धाव म्हटलं. तिनं दोन्ही कागद उचलले आणि चप्पल घातली. आम्ही दवाखान्यात गेलो.

"डॉक्टर, मी धावले तर ते माझ्या नावावर लागावं, अशी काही सोय?" तिनं विचारलं.

"नाही हो वहिनी. नियम जुना आहे. बायकोनं केलेलं सगळंच्या सगळं नवऱ्याला. नवऱ्यानं केलेल्यातलं अर्धं बायकोला, तेही तो करत असताना तिनं त्याच्या हाताला हात लावला असेल तर. सत्यनारायणाला लावता ना, तसा."

"म्हणजे धावायचं ह्यांनी."

"हो."

"आणि मला अर्धंच?"

"पुरेसं हवं असेल तर त्यांनी दुप्पट धावायचं."

मग मी विचारलं, "दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांचं मत घ्यावं का?"

मी नाही म्हणालो, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. मी फक्त म्हटलं, श्रावण होऊ दे. मग गणपती होऊ देत म्हटलं. मग माझा गुडघा आठवला. तिनं माझ्या मापाचे बूट आणून ठेवले, तेव्हा मोजे कुठायत म्हणून विचारलं.

"अगं, पण मला सकाळी वेळ कुठं असतो?"

"भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवत जा."

"मला कंटाळा येईल गं."

"पायांना येत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला तिला उठवावं लागलं नाही. मी जागा झालो तेव्हा ती केव्हाच गेली होती. कुकर लावलेला नव्हता. ऊन वर आल्यावर परतली, पाणी प्यायली, संध्याकाळी पुन्हा गेली. असं रोज सुरू झालं. मी झपाट्यानं उतरू लागलो. मनगटावरचं घड्याळ कोपराशी जाऊन थांबायचं. शिंपी म्हणाला, आता लहान मुलांचं कापड बघू. पंखा लावला की पलंगाची कड धरावी लागे. अग्निहोत्री म्हणाले, "वहिनी थांबणार नसतील तर खिशात काहीतरी जड ठेवत जा." मी खलबत्त्यातला बत्ता खिशात घालून कॉलनीत हिंडू लागलो.

"अगं, किती धावशील? चेहरा बघ कसा ओढलाय तुझा," मी म्हटलं.

"तुमच्याच तब्येतीसाठी चाललंय. खाडा नको ना व्हायला?"

आणि ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. मी तिच्याकडे बघितलं, दारातून येणाऱ्या वाऱ्याकडे बघितलं आणि मोजे मागितले.

दुसऱ्या दिवसापासून मी धावतो आणि ती शेजारून स्कूटीवर येते. उजवा हात गाडीवर, डावा माझ्या कोपराला. मैदानात गाडी न्यायला मनाई आहे. रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला, पण तिचा हात बघून थांबला. "धार्मिक आहे होय," म्हणाला आणि त्यानं फाटक उघडलं. पहिल्या दिवशी वळणावर मी दमून बसलो, तेव्हा ती गाडीवरूनच म्हणाली, "अहो, हात सुटला. ही फेरी धरत नाहीत." माझं धावून झालं की मी घराकडे वळतो. मग ती कोपर जरा घट्ट धरते. तिचं धावणं अजून बाकी असतं.

परवा तिचा नवा रिपोर्ट आला. तिनं तो खिडकीशी नेऊन चष्मा न लावता वाचला. मग मला वाचून दाखवला. साखर उतरली होती. तिनं पाकीट देवासमोर ठेवलं आणि म्हणाली, "उद्या जरा लवकर निघू या."

कॉलनीच्या चिटणिसांना हे कळलं. त्यांनी यंदाचं व्याख्यान उज्ज्वलानं द्यावं असा आग्रह धरला. विषय तोच. तिनं हात जोडले.

"मी बोलले तर टाळ्या नियमाप्रमाणे ह्यांनाच जातील. त्यापेक्षा ह्यांनाच बोलू दे, मी हाताला हात लावून उभी राहते."

चिटणिसांनी विचार केला. "पण वहिनी, तुम्हाला अर्ध्याच मिळतील."

म्हणून येत्या रविवारी माझं व्याख्यान लागोपाठ दोनदा आहे. चहा एकदाच मिळेल.