ब्रेझोविनचा पसा

शेळवडीच्या वाचनालयात विष्णुपंत मास्तरांखेरीज कोणी येत नसे, आणि मास्तर येत ते किल्ली त्यांच्याकडे होती म्हणून. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. आभाळ नुसतंच काळवंडून राही आणि त्या उजेडात जुनी वर्तमानपत्रं आणखी जुनी दिसत. खोली ग्रामपंचायतीची होती. सरपंच वीरप्पांना ती भुईमुगाची पोती ठेवायला हवी होती.

"पंत, या बाजारी एक सभा घ्या," ते दारातूनच म्हणाले. "खोली भरली तर वाचनालय ऱ्हाईल. न्हाय भरली, तर आमी शेंगांनी भरू."

मास्तरांकडे विषय एकच होता. त्यांचा मेहुणा सोलापूरकडे एका साखर कारखान्यात होता. तिथं यंत्रं बसवायला आलेल्या चेक इंजिनिअरनं त्याला आपल्या गावाची इंग्रजी पुस्तिका दिली होती. ब्रेझोविन नावाचं लहानसं बाजारगाव. त्याचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं. मास्तरांनी ती इतकी वाचली होती की तिथला चौक, कचेरीवरचं घड्याळ, प्लेगच्या आठवणीचा दगडी खांब, सगळं त्यांना भूमच्या बसस्टँडपेक्षा ओळखीचं झालं होतं.

बाजाराच्या सकाळी दवंडी द्यायला कोतवाल बलभीम हलगी घेऊन आला.

"काय सांगू, मास्तर?"

"ब्रेझोविन गावाचा इतिहास ऐकायला या, म्हण."

"म्हंजी काय झालं तिथं?"

मास्तरांना मोघम बोलणं जमत नसे. "आधी पेठ जळाली. मग प्लेग आला. मग फौजेनं लुटलं. मग पुन्हा जळाली."

"आरारा! सारी पेठ?"

"देवळाचा मनोरा तेवढा राहिला."

बलभीमनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मग हलगी कंची वाजवू? सुखाची का दुखाची?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दुखाचीच वाजव. आणि साल सांग, सोळाशे..." पण बलभीम तोवर वाजवत निघाला होता.

त्या मुलखात एक रीत होती. एखादं बाजारगाव जळालं की दुसऱ्या बाजारानं आपली पालं उतरवायची आणि पालामागं पसाभर धान्य जळिताला द्यायचं. पोलीस कारवाईच्या धामधुमीत शेळवडीची पेठ जळाली, तेव्हा आसपासच्या बाजारांतून असेच पसे आले होते. ते खाऊन जगलेली माणसं अजून बाजारात बसत होती.

दुपारी मास्तर खोलीशी आले तर आत शिरायला जागा नव्हती. बाया डोक्यावर पदर ओढून भिंतीशी बसल्या होत्या. बाहेर बाजाराची पालं उतरलेली, वीरप्पांच्या दुकानालाही कुलूप. चेकोस्लोव्हाकियाच्या इतिहासाबद्दल गावाला एवढी आस्था असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांनी पहिल्या आगीपासून सुरुवात केली. लोहाराच्या भट्टीतून ठिणगी कशी उडाली, वारा कुठून होता, हे सांगितलं. माणसं हुंदके देत ऐकत होती. अधूनमधून एकेक जण उठे आणि कोपऱ्यात पसाभर धान्य ओतून पुन्हा जागेवर बसे. ज्वारी, बाजरी, तूर यांचा ढीग टेबलाच्या उंचीला आला, तेव्हा मास्तर थांबले.

"हे काय चाललंय?"

"जळिताचं हाय," वीरप्पा डोळे पुसत म्हणाले. "गाडी जुंपाय सांगितलीय. कंच्या वाटेनं धाडू? भूमवरून का परांड्यावरून?"

मास्तरांनी पुस्तिका मिटली. "सरपंच, ते गाव समुद्रापलीकडं आहे. आणि ही आग तीनशे वर्षांपूर्वीची."

आता हसतील आणि खोली जाईल, असं समजून मास्तरांनी मान खाली घातली. कोणी हसलं नाही.

"तीनशे वर्सं?" शेळ्या विकायला आलेली सिताबाई म्हणाली. "आन आजून कुणीच गेलं न्हाय तिकडं?"

"लांब आहे गं ते."

"आमची पेठ जळाली तवा लांबचं-जवळचं बघितलं का कुणी?"

वीरप्पा उठून उभे राहिले. "पंत, तुम्हाला हे कवा कळलं?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आन आज सांगताय?"

सभा खवळली. मास्तरांची बाजू घ्यायला कोणी नव्हतं. अखेर वीरप्पाच भानावर आले. ढीग निम्मी खोली अडवून बसला होता. "जाऊ द्या. ज्यानं त्यानं आपापलं धान्य परत न्या."

कोणी हललं नाही.

"जळिताला दिलेलं घरी न्यायचं?" सिताबाई म्हणाली. "तसलं शिजवून लेकरांना घालू? तुमी न्या की, सरपंच, तुमचा पसा."

वीरप्पांनी ढिगाकडे बघितलं. त्यांची तूर कुठली, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. तिकडं जाणारं कोणी भेटेपर्यंत धान्य इथंच राहील आणि खोलीत दुसरं काही ठेवायचं नाही, असं ठरलं. ठराव वीरप्पांनाच मांडावा लागला.

वाचनालय वाचलं. फक्त आत बसायला जागा उरली नाही. धान्याला कीड लागली, कपाटाचं दार उघडेना, आणि मास्तर पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचू लागले. पण आता बाजाराच्या दिवशी माणसं थांबत.

"मास्तर, तिकडली काय खबर?" पुढच्याच बाजारी सिताबाईनं शेळी सावरत विचारलं.

मास्तरांनी पुस्तिका उघडली. पुढच्या पानावर पुन्हा प्लेग होता, त्याच्या पुढच्यावर पुन्हा फौज. त्यांनी सिताबाईकडे बघितलं, वरच्या कोरड्या आभाळाकडे बघितलं आणि दोन्ही पानं एकदम उलटली.

"पेठ बांधायला घेतलीय म्हणे."

"लई बेस झालं," सिताबाई म्हणाली. "औंदा छपराला गवत नगं, पत्रं घाला म्हणावं."