नझारिओने पाक उकळला

बायकोने सांगितलेलं काम आज तरी मन लावून करायचं, असं नझारिओ उक याने त्या सकाळी ठरवलं आणि तिथेच घात झाला. (नेहमीसारखी टाळाटाळ केली असती, तर निदान बाटली तरी वाचली असती.)

काम साधं होतं. परसातल्या पोकळ ओंडक्यांत बायकोच्या, म्हणजे लायाच्या, माहेरच्या मधमाश्या होत्या, नांगी नसलेल्या, गरीब स्वभावाच्या. आईने मरताना त्या तिच्या हवाली केल्या होत्या. पुढे गावाभोवती सोयाबीन आलं, सोयाबीनवर औषध फवारणारं विमान आलं, आणि एकेक ओंडका ओस पडत गेला. आता तीनच उरले होते. शेवटी शहरातल्या शेतकी खात्यातल्या बाईंनी एक बाटली दिली. तिच्यात चांगले जंतू होते. ते माशीच्या पोटात गेले की विष पचवून टाकतात म्हणे. साखरेच्या पाकात कालवून माश्यांपुढे ठेवायचं, झालं.

नझारिओने कालवलं. मग त्याला वाटलं, आजारी जिवांना कच्चं कसं द्यायचं? त्याने पातेलं चुलीवर चढवलं.

आठवड्याने बाई चौकशीला आल्या.

"पाक कोमटच होता ना?"

"कोमट? अहो बाई, खळखळून उकळला! एक जंतू जिवंत ठेवला नाही!"

बाईंनी कपाळाला हात लावला. दुसरी बाटली पुढच्या हंगामाशिवाय मिळणार नव्हती.

लाया हसली. हसावंच लागलं. घरात भांडणं झाली की या माश्या रुसून निघून जातात, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे लग्न झाल्यापासून या नवराबायकोचं प्रत्येक भांडण हसतमुखाने, कुजबुजत झालेलं.

"अहो राजा," ती लाडात म्हणाली, "तुमच्या डोक्यात काय भुसा भरलाय का हो?"

"चुकलं गं, साखरे."

"तुम्हालाच त्या पातेल्यात उकळलं असतं, तर बरं झालं असतं, सोन्या."

"हळू गं. ऐकतील."

दोन दिवसांनी विमान आलं. नझारिओने ओंडक्यांवर ओल्या चादरी टाकल्या, हात जोडले, विमानाला शिव्या घातल्या (त्याही कुजबुजत). पण माश्या आधीच फुलांवर गेल्या होत्या. संध्याकाळी त्या अंगणात येऊन पडल्या, पाय झाडत राहिल्या. सकाळी लायाने तिन्ही ओंडक्यांना एकेक करून कान लावला. आत काहीच नव्हतं. नझारिओला रडू फुटलं. हिची आई आज दुसऱ्यांदा गेली आणि या वेळी आपल्यामुळे, असं त्याला वाटलं.

लाया अंगणाच्या मधोमध आली. तिने छाती भरून श्वास घेतला.

"नझारिओऽऽ! मेल्या! गाढवा!"

साऱ्या गल्लीने तो आवाज ऐकला. या घरातून असा आवाज कधीच आला नव्हता. लोकांना लगेच उमगलं. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायका डोळे पुसत अंगणात आल्या. लाया रडत होती आणि रडता रडता एकेक जुनं प्रकरण उकरून काढत होती. आता ती लग्नातल्या जेवणापर्यंत आली होती.

शेजारचा म्हातारा अनास्तासिओ खुर्ची घेऊन आला. नझारिओने ती लायासाठी म्हणून पुढे सरकवली.

"तिला नको रे," म्हातारा हळूच म्हणाला, "तू बस. बावीस वर्षांचं साठलंय, आज काही आटपत नाही."